नऊ नंबरचा प्रश्न

८ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला दोन महिने लागले, त्याबद्दल आधीच कान पकडतो. फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडणार, तू 'काय?' म्हणणार, आणि मग ताई मधे येऊन माझंच बोलणं तुझ्या कानात पुन्हा ओरडणार. कामाच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर नकोत.

नोकरी झकास आहे. धावपटूंचं प्रशिक्षण केंद्र, ट्रॅकला लागून एक लांबट खोली मला दिलीय. मालिशचं टेबल नवं आहे, पेडल दाबलं की वरखाली होतं. तुझ्या लाकडी टेबलाखाली विटा सारून आपण उंची जमवायचो ते आठवून पहिल्या दिवशी मी ते उगाच चारदा वरखाली केलं. सकाळी सहापासून पाय यायला लागतात. माणसं येतात असं म्हणायला हवं, पण मला आता पायच दिसतात.

तुझा चौदा प्रश्नांचा फॉर्म टाइप करून शंभर प्रती काढल्या. आधी प्रश्न, मग उभं करून बघणं, मग चालवणं, आणि हात सगळ्यात शेवटी. माझ्या आधीचा माणूस म्हणे 'कुठे दुखतंय?' एवढंच विचारायचा आणि तिथे तेल चोपडायचा. मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं, तपासल्याशिवाय मी कुणाला हात लावणार नाही. जरा भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगतो. एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, तीन हजार मीटर धावते. अंगाने इतकी बारीक की कोच तिला 'काडी' म्हणतो, आणि मग सगळेच म्हणतात. तिची उजवी नडगी आतल्या बाजूने महिनाभर दुखतेय. सहा आठवड्यांनी निवड चाचणी आहे. पहिल्या तिघींत आली तर वसतिगृहातली जागा आणखी दोन वर्षं पक्की. नाहीतर घरी, आणि घरी गेले की माझं धावणं संपलं, असं तीच म्हणाली. कोचला माझ्याकडून लेखी योजना हवीय, आठवड्याला किती वेळा, काय काय, कधी बरी होणार. पहिलीच मोठी केस आहे. तू सांगशील तसं करतो.

तुझ्या हातावर वाढलेला,
गुंड्या


१७ जानेवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

कान तूच पकडलेस ते बरं केलंस, नाहीतर मीच येऊन पिळले असते. तेवढा जोर बोटांत अजून आहे, बाकी बोटं कामातून गेली. चाळीस वर्षं लोकांच्या पोटऱ्या मळल्या, आता साधं पीठ मळायलाही तुझी ताई हात लावू देत नाही. जावईबापू अधूनमधून मान वाकडी करून येतात, 'आई, जरा बघा ना.' मी चौदा प्रश्न सुरू केले की पाचव्या प्रश्नाला मान आपोआप सरळ होते.

पाय न बघता योजना सांगायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी तू विचारलंस म्हणून विचारते. दुखतं कुठे हे ती एका बोटाने दाखवते की अख्ख्या तळव्याने? बोट आलं तर घाबर, तळवा आला तर श्वास घे. पळायला लागल्यावर दुखणं मोकळं होतं की वाढत जातं? नुसती अंथरुणात पडली असताना ठणकतं का? त्या एका पायावर दहा उड्या मारायला सांग आणि तिच्या तोंडाकडे बघ, पायाकडे नको. पाय खोटं बोलतो, तोंडाला ते जमत नाही.

आणि नऊ नंबर काय म्हणतो ते कळव. तो बायकांचा महिन्याचा प्रश्न. नडगीचं दुखणं आणि नऊ नंबरची गडबड, हे दोन एकत्र आले तर दुखणं हाडात असतं, आपलं काम तिथेच संपलं. डॉक्टरकडे पाठवायचं, टेबलावर घ्यायचंही नाही.

प्रश्न तिला खुर्चीत बसवून विचार, तूही समोर खुर्चीत बस. पालथ्या माणसाला काही विचारू नये. टेबलाच्या भोकात तोंड घातलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो. दार उघडं ठेव. आणि कोचने लेखी मागितलं म्हणून घाईने लिहून देऊ नकोस, त्याला कागद हवाय, तिला पाय हवाय.

जेवतोस ना वेळेवर?
आत्या


२५ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र समोर ठेवूनच तिला पुन्हा तपासलं. नवा फॉर्म घेतला, जुन्यावर गिरवलं नाही.

दुखतं कुठे म्हटल्यावर तिने तळवा फिरवला, नडगीच्या आतल्या काठाने साधारण वीतभर. मधे एका जागी जरा जास्त, पण बाकीच्या ठिकाणीही आहेच. पळायला लागल्यावर पहिली दहा मिनिटं दुखतं, मग सैल पडतं, थांबल्यावर परत येतं. अंथरुणात 'कधीकधी' म्हणाली. उड्या दहाच्या दहा मारल्या. तोंडाकडे बघितलं, सातव्या उडीला ओठ चावला. पोटरी दोरखंडासारखी घट्ट आहे, घोटा पुढे वाकतच नाही. मला तर सगळं दुखणं पोटरीच्या ओढीचं वाटतंय.

नऊ नंबर नियमित. तिथे काही प्रश्न नाही.

बाकी इथे मजा चालू आहे. एक शंभर मीटरवाला आहे, हा एवढा आडदांड गडी, मांड्या म्हणजे खांब. टेबलावर घेतलं की त्याला गुदगुल्या होतात. परवा इतका हसला की खाली पडला. बाहेर बसलेल्यांना वाटलं मी आत विनोद सांगतोय. तेव्हापासून दोघेजण उगाचच अपॉइंटमेंट मागतायत.

काडीबद्दल लवकर कळव. कोच रोज खोलीत डोकावतो. जेवण वेळेवर आहे.

गुंड्या


१ फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद.

'मधे एका जागी जरा जास्त' आणि 'कधीकधी अंथरुणात' ही दोन वाक्यं मला आवडली नाहीत. पण तळवा फिरवते म्हणतोस, सैल पडतं म्हणतोस, आणि नऊ नंबर ठीक आहे म्हणतोस, म्हणून घाबरवत नाही. नऊ नंबर बिघडलेला असता तर एका ओळीचं पत्र लिहिलं असतं.

पोटरीवर काम कर, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. हाडाच्या काठावर अंगठा टेकवायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. घोटा सैल कर. पळणं निम्म्यावर आणायला सांग, उरलेलं पाण्यात पळू दे. कोच कुरकुर करेल, करू दे. दोन आठवड्यांनी फॉर्म पहिल्या प्रश्नापासून परत भर. दुखणं आक्रसून बोटाएवढं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, हाडाचा फोटो, सगळं. चाचणी असली तरी.

आणि एक सांगते, राग नको मानूस. तिला काडी म्हणू नकोस. टेबलावर येणाऱ्या माणसाला आपण टोपणनाव ठेवलं की आपण त्याचं शरीर बघायचं सोडून नावच बघतो. माझ्याकडे एक 'हत्ती' यायचा. त्याचं वजन बारा किलो उतरलं तरी मला हत्तीच दिसत होता.

तुझी ताई म्हणते, त्या गुदगुल्यावाल्याचा फोटो पाठव.

आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

घाईत लिहितोय, चाचणी आठवड्यावर आलीय. तुझी योजना टाइप करून कोचला दिली, खाली तुझं नाव घातलं नाही, माफ कर. तो खूश आहे. पोटरी लोण्यासारखी झालीय, घोटा वाकायला लागला. फॉर्म परत भरला, सगळं आधीसारखंच. दुखणं दहापैकी पाचावरून तीनवर आलं म्हणते. पाण्यात पळायला ती जातेच, शिवाय मैदानावरही पळते, पण ते मला परवाच कळलं. वजनही दोन किलो उतरलंय, कोच म्हणतो आता ही उडणार.

पहिल्यांदाच वाटतंय की मला काहीतरी जमतंय.

गुंड्या


१७ फेब्रुवारी

गुंड्या,

वजन उतरलं हे आनंदाने काय लिहितोस? आधीच एवढी बारीक, त्यातून दोन किलो गेले कुठून? काय खाते विचारलंस का? 'सगळं आधीसारखंच' म्हणजे काय, प्रश्न विचारलेस की मागचा कागद बघून उतरवलास? तीन आहे म्हणते, पण चाचणीच्या तोंडावर कुठला धावपटू चार म्हणेल?

हे पत्र मिळाल्याबरोबर तिला डॉक्टरकडे ने. चाचणीच्या आधी. हसं झालं तर माझं होऊ दे.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझं सतरा तारखेचं पत्र मला वीसला मिळालं. चाचणी एकोणीसला झाली.

ती दुसरी धावत होती. शेवटून दुसऱ्या फेरीत, माझ्या खिडकीसमोरच्या वळणावर, तिने पाय टाकला आणि तो पाय तिच्याखाली राहिलाच नाही. आवाज आला असं दोघीजणी म्हणतात. मी धावत गेलो तेव्हा ती पाय धरून बसली नव्हती, उठून लंगडी घालत पुढे जायला बघत होती. तिला दोघांनी धरून खाली बसवावं लागलं.

नडगीत आधीपासून चीर होती, ती आरपार गेली. डॉक्टरबाईंनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न पायाबद्दल विचारलाच नाही. तू समजलीच असशील काय विचारलं ते. ती म्हणाली, अकरा महिने झाले. बाईंनी पेन खाली ठेवलं. फाइलमध्ये माझे तीनही फॉर्म होते, ते काढून त्या म्हणाल्या, इथे तर तीनदा नियमित लिहिलंय, कुणी सांगितलं असं? मी तिथेच उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मीच सांगितलं होतं.

आता भलतंच होऊन बसलंय. दुखापत झाली तर इथे जागा राखून ठेवतात, पण फॉर्मवर खोटी माहिती दिली असेल तर नियमाने नाव काढतात. अठरा मार्चला समितीची बैठक आहे. कोच म्हणतो, मुलीने फसवलं, मी काय करू. मलाही फार वाईट वाटतं. पण आपण तरी काय करणार, आत्या? समोरचा माणूस जे सांगेल त्यावरच आपली योजना उभी असते. तूच म्हणायचीस ना.

इथे कुणी मला काही बोललेलं नाही. उलट सगळे धीर देतायत.

गुंड्या


३ मार्च

चि. गुंड्यास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून चष्मा काढून ठेवला.

तो फॉर्म मी केलाय. माझ्या हाताने, पट्टीने रेघा मारून. नऊ नंबरला मी विचारलंय, 'शेवटची पाळी कधी आली?' आणि पुढे तारखेसाठी जागा सोडलीय. दिवस, महिना. तिथे 'नियमित' लिहायला जागाच नाही. मुलीला कुणी विचारलं असतं आणि ती खोटं बोलली असती, तर खोटी तारीख सांगितली असती. 'नियमित' हा शब्द उत्तर देणाऱ्याचा नाही, गुंड्या. तो न विचारणाऱ्याचा आहे.

तू तिला विचारलंच नाहीस. तीनही वेळा.

आता माझं ऐक, कारण हे लिहायला मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटतेय. तुझ्या पंचवीस जानेवारीच्या पत्रात 'नियमित' वाचलं तेव्हाच मला हे दिसलं होतं. तारीख का नाही लिहिली, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो लिहिला नाही. तू माझ्या भावाचा मुलगा. तुला अंघोळ घातलेली मी, तुला पत्रात तो शब्द कसा लिहू, असं वाटलं. त्याच्याही आधी, सतरा जानेवारीला, मी 'बायकांचा महिन्याचा प्रश्न' असं लिहून वेळ मारून नेली. चाळीस वर्षं परक्या बायकांना मी तो शब्द तोंडावर विचारला, पण घरच्या मुलापुढे जीभ टाळ्याला चिकटली.

आणि त्याच्याही मागे जाते. तुला शिकवत होते तेव्हा एकेक प्रश्न घेऊन तासतासभर बोलायचे. का विचारायचा, कसा विचारायचा, उत्तर देताना माणूस कुठे बघतो. नऊवर आले की म्हणायचे, 'हा बायकांचा आहे, तुझं तुला कळेल,' आणि पान उलटायचे. तू पण हुश्श करायचास, मला दिसायचं. मी तुला चौदा नाही, तेराच प्रश्न शिकवले. मग कुठल्या तोंडाने तुला रागावू?

तरी रागावते. तू मूग गिळून उभा राहिलास आणि त्या पोरीने तुझं पाप स्वतःच्या नावावर घेतलं. आणि वर मलाच लिहितोस, समोरचा माणूस जे सांगेल त्यावर. शाब्बास.

आत्या


९ मार्च

ती. आत्यास,

हो.

तू म्हणतेस तसंच झालं. पहिल्या वेळी ती खुर्चीत बसली होती, मी समोर. दार उघडं होतं, सगळं तू सांगितलेलं. आठव्या प्रश्नापर्यंत मी कोर्टातल्या वकिलासारखा विचारत होतो. मग नववा डोळ्यांपुढे आला. आपल्या घरात टीव्हीवर ती जाहिरात लागली की बाबा पेपर उघडायचे आणि मी पाणी प्यायला उठायचो, तुला माहीतच आहे. इथे उठायला जागा नव्हती. मी आठवरून दहावर गेलो, आणि तिचं लक्ष नाही असं बघून नऊला 'नियमित' लिहून टाकलं. वाटलं, तरुण मुलगी आहे, असणारच नियमित. मुद्दाम काही केलं नाही, असं इतके दिवस मनाला सांगतोय. पण दुसऱ्या वेळी तू स्पष्ट लिहिलं होतंस. तेव्हा ते मुद्दामच झालं. तिसऱ्या वेळी तर हातानेच लिहिलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

मांडीच्या वरपर्यंत टॉवेल सारून काम करताना मला कधी लाज वाटली नाही. शब्दाची वाटली.

दवाखान्यात ती 'मीच सांगितलं' म्हणाली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच्या पाठोपाठ, आत्या, मला बरं वाटलं. हे कुणाला सांगू? एक क्षणच, पण हायसं वाटलं. सुटलो म्हणून.

समितीत सांगितलं तर माझं काम जाईल. नुसतं इथलं नाही, दुसरं कुणी जवळ करणार नाही. आरशात बघवत नाही. तू माझ्यावर एवढा विश्वास ठेवलास आणि मी तुला पत्रांतून फसवत राहिलो. मला माफ कर. फार रडलो काल.

गुंड्या


१३ मार्च

गुंड्या,

केलं माफ. आता?

माझ्यापुढे रडून तिची जागा राहणार नाही. मला लिहिलंस ते सोपं होतं, मी तुझी आत्या आहे. अठराला पाच दिवस आहेत. काम गेलं तर इकडे ये, जावईबापूंची मान आहेच.

माझंही नाव सांग. 'शिकवणारीने हा प्रश्न शिकवला नाही' असं सांग. मी सही करून सोबत एक कागद पाठवतेय, तो दे. पण तो कागद तुझ्या सुटकेसाठी नाही, आधी तुझं सगळं सांगून झाल्यावरच काढ.

आत्या


२१ मार्च

ती. आत्यास,

सांगितलं.

फार धीराने वगैरे नाही सांगितलं. एक लांब टेबल, त्यामागे पाच जण, बाजूला कोच. मी आदल्या दिवशी वाक्य पाठ केलं होतं, ते विसरलो. 'नऊ नंबरचा प्रश्न मी विचारला नव्हता' एवढं म्हणालो. अध्यक्षबाई म्हणाल्या, नऊ नंबर म्हणजे कुठला? मी म्हणालो, तो महिन्याचा. त्या म्हणाल्या, नीट सांगा आणि मोठ्याने सांगा, लिहून घ्यायचंय. मग मी त्या खोलीत मोठ्याने सांगितलं. पाळीचा प्रश्न. तीन वेळा विचारला नाही, तीन वेळा उत्तर माझं मीच लिहिलं, मुलगी खोटं बोललेली नाही, दवाखान्यात ती मला वाचवायला तसं म्हणाली. कान तापले होते, पण शब्द बाहेर पडला, आणि कुणी पेपर उघडला नाही. कोच मात्र खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी त्यालाही विचारलं, तुम्ही कधी विचारलं होतं का? तो म्हणाला, ते माझं काम नाही.

तुझा कागद शेवटी दिला. बाईंनी वाचला, दुसऱ्यांना दिला, फाइलला लावला.

तिची जागा राहिली. डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय, सहा महिने धावणं बंद, खाण्याची वेगळी सोय, वजन कुणी बाहेर जाहीर करायचं नाही. माझं काम इथून महिनाअखेरीस संपतं. वर्षभर कुणा जाणत्याच्या हाताखालीच काम करायचं, एकट्याने कुणाला तपासायचं नाही, असंही लिहून आलंय. योग्यच आहे. मी सही केली.

मग तिला भेटायला गेलो. वसतिगृहात तळमजल्यावरची खोली दिलीय तिला, जिने नकोत म्हणून. पाय जाड बुटात, बुटावर मैत्रिणींनी काय काय लिहिलेलं. खोलीतल्या दुसऱ्या मुलीने मला खुर्ची दिली आणि तीही तिथेच पुस्तक घेऊन बसली. समितीचं तिला आधीच कळलं होतं. मी म्हणालो, मी तुझं फार मोठं नुकसान केलं, आणि वर तुला खोटं पाडलं. मी विचारलं, तू दवाखान्यात तसं का म्हणालीस?

ती म्हणाली, 'तुमच्याकडे बघवत नव्हतं, सर. तुम्ही आता रडाल असं वाटलं.'

मला वाटलं, तेवढंच असेल. उठायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, 'एक सांगू? पहिल्या दिवशी तुम्ही टॉवेल आणायला गेला होतात ना, तेव्हा फॉर्म खुर्चीवर होता. मी वाचून काढला. नऊ नंबर बघितला आणि इतकं बरं वाटलं. घरी कुणाला सांगता येत नव्हतं, कोचसरांना कसं सांगणार. आपण होऊन तोंड उघडत नव्हतं. म्हटलं, चला, इथे लिहिलेलंच आहे, आता हे विचारतीलच. तारीख आठवून, बोटांवर मोजून, वाक्य तयार करून बसले. तुम्ही आठवा विचारलात तेव्हा माझी छाती धडधडत होती. दुसऱ्या वेळी पण तयारी करून आले होते. तिसऱ्या वेळी पण.'

मी खुर्ची जागेवर सरकवायला लागलो.

'तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, बरं, आता पालथी हो.'

मी खोलीबाहेर आलो.

एकतीसला निघतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन.

गुंड्या